हिंगोली जिल्ह्यातील दूरचित्रवाणी प्रसारण

हिंगोली हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जिल्हा असून तो १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. मराठवाड्यातील परभणी व नांदेड आणि विदर्भातील वाशिम व यवतमाळ हे त्याचे शेजारी जिल्हे होत. दूरचित्रवाणीचे संकेत अशा प्रशासकीय सीमा पाळत नाहीत. त्यामुळे सीमावर्ती जिल्ह्यातील प्रसारणाचा विचार करताना संकेतांचा आवाका आणि प्रसारणाची मालकी या दोन्ही बाबी महत्त्वाच्या ठरतात.

भूप्रक्षेपण

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडण्यात आल्यानंतर उपग्रहाकडून कार्यक्रम घेऊन ते पुन्हा प्रक्षेपित करणारी लघुशक्ती केंद्रे देशभर उभारली गेली. १०० वॅटच्या अशा केंद्राचा आवाका साधारणतः १५ ते २५ किलोमीटर असे. मराठवाड्यात अंबाजोगाई येथे उच्चशक्ती केंद्र होते. हिंगोली शहर तेथून सरळ रेषेत १०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. हे संकेत जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने डोंगर व पृथ्वीची वक्रता यांचा त्यांना अडथळा होतो. आवाक्याच्या कडेवरील गावांत त्यामुळे उंच अँटेना उभारावी लागे. एकाच वारंवारितेवरील दोन केंद्रांचे संकेत एकमेकांत मिसळल्यास चित्रात पट्टे उमटतात. म्हणून शेजारच्या केंद्रांना वेगवेगळ्या वारंवारिता दिल्या जातात.

मालकी

अमेरिकेत एका बाजारपेठेत एका मालकाकडे किती केंद्रे असावीत, यावर नियमांद्वारे मर्यादा आहे. भारतात खासगी संस्थांना दूरचित्रवाणीच्या भूप्रक्षेपणाची परवानगी मिळालेली नाही. परिणामी दोन केंद्रांचे क्षेत्र एकमेकांवर आले तरी दोन्हींचा मालक एकच राहिला. ही मालकी प्रथम शासनाकडे व २३ नोव्हेंबर १९९७ पासून प्रसार भारतीकडे होती. रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. तथापि अल्फा मराठी (१९९९) व ई टीव्ही मराठी (२०००) या खासगी वाहिन्या उपग्रह व केबल यांद्वारेच घरोघरी पोहोचल्या.

उपग्रहाचा संकेत संपूर्ण राज्यभर मिळत असल्याने मालकीचा प्रश्न केंद्रांकडून वितरणाकडे वळला. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकांना बंधनकारक केले. वृत्तपत्र व दूरचित्रवाणी यांच्या एकत्रित मालकीवर मर्यादा घालावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये केली. तीत बाजारपेठ भाषा व राज्य यांनुसार धरली आहे. या पद्धतीत हिंगोलीसारखा जिल्हा स्वतंत्र बाजारपेठ ठरत नाही आणि जिल्हा पातळीवरील मालकीचे केंद्रीकरण मोजले जात नाही.

सद्यस्थिती

केबल प्रसारणाच्या अंकीकरणाचा अखेरचा टप्पा ३१ मार्च २०१७ पर्यंतचा होता. २०२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतांश अनुरूप भूप्रक्षेपण केंद्रे बंद करण्यात आली. साध्या अँटेनावर चित्र मिळण्याची सोय त्यामुळे बहुतेक ठिकाणी संपली. मासिक शुल्काविना दूरचित्रवाणी पाहण्यासाठी आता डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, आज डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाणारी उपग्रह सेवा उपलब्ध आहे. तिच्यासाठी तबकडी व सेट-टॉप बॉक्स यांचा खर्च प्रेक्षकाला एकदाच करावा लागतो.