निलगिरीच्या लाकडातील गुणभिन्नता

लागवडीतील निलगिरी (युकॅलिप्टस) वृक्षांच्या लाकडाची घनता, तंतूंची लांबी, आकुंचन व टिकाऊपणा हे गुणधर्म झाडागणिक बदलतात. इतकेच नव्हे, तर एकाच खोडात ते जागोजागी वेगळे असतात. त्यामुळे केवळ जातीच्या नावावरून लाकडाचा दर्जा सांगता येत नाही.

एकाच झाडातील फरक

सर्वांत ठळक फरक भेंडापासून सालीकडे जाताना आढळतो. झाडाच्या पहिल्या काही वर्षांत तयार झालेल्या लाकडाचे तंतू आखूड व पातळ भित्तीचे असतात. त्यांच्या भित्तीतील सूक्ष्मतंतुक खोडाच्या अक्षाशी मोठा कोन करतात. परिणामी हे लाकूड कमी बळकट असते आणि वाळताना लांबीतही आकसते. बाहेरच्या बाजूस घनता व तंतूंची लांबी वाढत जाते. लगद्यासाठीची झाडे थोड्याच वर्षांत तोडली जात असल्याने त्यांत कोवळ्या लाकडाचाच भरणा अधिक असतो. उंचीनुसार होणारा बदल मात्र सर्व जातींत एकसारखा नाही.

उभ्या खोडात बाहेरचे थर ताणलेले, तर मधला भाग दाबलेला असतो. झाड तोडताच हे ताण मोकळे होतात, ओंडक्याची टोके तडकतात आणि कापलेल्या फळ्या कमानीसारख्या वाकतात. सुतार निलगिरीला नावे ठेवतात, त्याचे एक मोठे कारण हेच. कललेल्या झाडांत वरच्या अंगाला ताणकाष्ठ तयार होते. त्याचा कापलेला पृष्ठभाग लवदार राहतो.

मध्यकाष्ठ रसकाष्ठापेक्षा टिकाऊ असते, परंतु त्यात संरक्षक रसायने सहजी मुरत नाहीत.

झाडाझाडांतील फरक

युकॅलिप्टस ग्रँडिसचे लाकूड तुलनेने हलके, तर टेरेटिकॉर्निस व कॅमाल्डुलेन्सिस यांचे जड असते. भारतात दीर्घकाळ लावली गेलेली ‘म्हैसूर गम’ ही कर्नाटकातील नंदी टेकड्यांवरून आलेली, मुख्यतः टेरेटिकॉर्निस वंशाची होय. परपरागणामुळे तिच्या बियांपासून झालेली शेजारशेजारची रोपेही गुणांत भिन्न निघतात. घनता बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याने निवडक झाडांच्या कलमांपासून केलेल्या कृंतक लागवडीत हा फरक पुष्कळ घटतो. भेंड ते सालीपर्यंतचा फरक मात्र कृंतकांतही उरतोच.

झपाट्याने वाढलेल्या झाडाचे लाकूड हलकेच असणार, हा समज सरसकट खरा नाही. निलगिरीच्या वाहिन्या लाकडात विखुरलेल्या असल्याने वाढीचा वेग व घनता यांचा संबंध बहुधा क्षीण असतो.

नमुना घेणे

उभ्या झाडाचा नमुना सामान्यतः छातीच्या उंचीवर (भारतात १.३७ मीटर) पोकळ गिरमिटाने काढतात. भेंड ते सालीपर्यंतच्या तुकड्यांची साधी सरासरी फसवी ठरते. त्रिज्येच्या आतल्या अर्ध्या भागात छेदाच्या क्षेत्रफळाचा केवळ चौथा हिस्सा येतो, म्हणून प्रत्येक तुकड्याला तो व्यापत असलेल्या वलयाच्या क्षेत्रफळाप्रमाणे भार द्यावा लागतो.