मूसा बिन मैमून यांचे हस्ताक्षर

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आणि जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एका दुर्मिळ हस्तलिखिताचे भाग जतन केलेले आहेत. थोर यहुदी धर्मपंडित व हकीम मूसा बिन मैमून यांनी ‘मिश्ना’ या धर्मग्रंथावर केलेले हे भाष्य त्यांच्या स्वतःच्या हातचे आहे. लिपी हिब्रू, पण भाषा अरबी!

मूसांचा जन्म स्पेनमधील कुर्तुबा शहरातला. तेथे अल्-मुवाहिदांच्या राजवटीत यहुद्यांवर सक्ती झाली व या कुटुंबाला देशत्याग करावा लागला. हा इतिहास आपण झाकून ठेवू नये. मात्र त्यांना पुढे आसरा मिळाला तोही मुसलमानी मुलखातच. इजिप्तमधील फुस्तात येथे ११६८ साली हे भाष्य पुरे झाले. पुढे सुलतान सलाहुद्दीनचे वजीर अल्-काझी अल्-फाझिल यांनी मूसांना आश्रय दिला.

या पानांत खाडाखोड आहे, समासात दुरुस्त्या आहेत. एवढा मोठा पंडित ग्रंथ पुरा झाल्यावरही स्वतःचे लेखन तपासत राहिला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

ईश्वराचे नाव असलेला कागद टाकू नये, म्हणून फुस्तातचे यहुदी जुने कागद प्रार्थनामंदिराच्या कोठडीत ठेवीत. तेथूनही मूसांच्या हातचे काही कागद मिळाले. कुराणशरीफच्या जीर्ण पानांचा आपणही असाच अदब राखतो. मग घरच्या पेटीतील जुने मोडी, फारसी कागद रद्दीत का जावेत? ते विकण्यापूर्वी एकदा जाणकाराला अवश्य दाखवा.