जुन्या संगणकांवरील लिनक्स

जुन्या किंवा कमी क्षमतेच्या घरगुती संगणकांवर लिनक्स ही मुक्तस्रोत संचालन प्रणाली बसवून ते पुन्हा वापरात आणण्याची पद्धत जगभर रूढ आहे. मूळ प्रणालीचा पाठिंबा संपला किंवा तिची नवी आवृत्ती यंत्राला पेलवेनाशी झाली, की संगणक सहसा अडगळीत जातो. त्याचे सुटे भाग मात्र पुष्कळदा सुस्थितीत असतात. लिनक्सची बहुतेक वितरणे विनामूल्य मिळतात आणि त्यांतील घटक यंत्राच्या कुवतीप्रमाणे निवडता येतात. त्यामुळे लेखन, वाचन, हिशेब आणि शालेय अभ्यास अशा कामांसाठी असा संगणक आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो. ही उपयुक्तता किती राहील, हे मुख्यतः रॅम, डिस्क आणि वेब ब्राउझर यांवर ठरते.

पार्श्वभूमी

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये इंटेल ३८६ प्रोसेसर असलेल्या आपल्या घरगुती संगणकासाठी लिनक्सचा गाभा (कर्नल) लिहिला. १९९२ पासून हा गाभा जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध आहे. या परवान्यामुळे कोणालाही त्याचा अभ्यास करता येतो, त्यात बदल करता येतात आणि त्याच्या प्रती वाटता येतात. गाभा, जीएनयू प्रकल्पाची साधने आणि इतर आज्ञावल्या एकत्र करून तयार केलेल्या संचास ‘वितरण’ म्हणतात. डेबियन (१९९३) आणि उबुंटू (२००४) ही प्रसिद्ध वितरणे होत.

जुन्या यंत्रांचा प्रश्न विंडोज प्रणालीच्या कालमर्यादांमुळे वेळोवेळी ऐरणीवर आला. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक चालू स्थितीतील संगणक तिच्यासाठी अपात्र ठरतात. सुरक्षाविषयक सुधारणा न मिळणारी प्रणाली आंतरजालाला जोडून वापरणे धोक्याचे असते.

हलकेपणाचे स्वरूप

‘लिनक्स हलकी असते’ हे विधान अपुरे आहे. ग्नोमसारखे संपूर्ण डेस्कटॉप वातावरण वापरल्यास १ किंवा २ जीबी रॅमचे यंत्र लिनक्सवरही रेंगाळते. फरक पडतो तो निवडीमुळे. एक्सएफसीई (१९९६ पासून), एलएक्सडीई (२००६ पासून) व त्यानंतरचे एलएक्सक्यूटी ही वातावरणे पडद्यावरील सजावट मर्यादित ठेवतात आणि पार्श्वभूमीत मोजक्याच आज्ञावल्या चालवतात.

रॅम अपुरी पडल्यास गाभा तीमधील काही मजकूर डिस्कवरील ‘स्वॅप’ जागेत हलवतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर ही क्रिया फार मंद असते. ‘झेडरॅम’ या सुविधेने तोच मजकूर डिस्कवर न पाठवता रॅममध्येच संकुचित करून ठेवता येतो. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवणे आणि शक्य असल्यास रॅम वाढवणे हे दोन बदल संचालन प्रणाली बदलण्याइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक परिणामकारक ठरतात.

प्रमुख वितरणे

* लुबुंटू व झुबुंटू : उबुंटूवर आधारित. लुबुंटूमध्ये एलएक्सक्यूटी, तर झुबुंटूमध्ये एक्सएफसीई वापरतात.
* लिनक्स मिंट (एक्सएफसीई आवृत्ती) : मांडणी विंडोजशी मिळतीजुळती असल्याने नवख्यांना सोयीची.
* अँटिएक्स : डेबियनवर आधारित; अगदी कमी रॅमच्या यंत्रांसाठी.
* पपी लिनक्स : बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले वितरण. ते संपूर्णपणे रॅममध्ये चालू शकते. त्यामुळे हार्ड डिस्क नादुरुस्त असली तरी यूएसबी पेनड्राइव्हवरून संगणक वापरता येतो.

शाळेत अनेक जुनी यंत्रे असल्यास एक तुलनेने सक्षम संगणक सर्व्हर म्हणून ठेवून इतर यंत्रे त्याच्यावरून चालवण्याची एलटीएसपी ही पद्धत १९९९ पासून उपलब्ध आहे. केरळ राज्यातील शाळांनी संगणक शिक्षणासाठी लिनक्सचा व्यापक स्वीकार केला आहे. भारतात सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित ‘बॉस’ हे वितरण प्रसिद्ध केले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असून शाळांसाठी ‘एज्युबॉस’ ही वेगळी आवृत्ती आहे.

महाराष्ट्रातील प्रयोग : खैराट

कमी क्षमतेच्या यंत्रावर लिनक्स चालवण्याचा एक उल्लेखनीय प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील लहान प्राथमिक शाळेत २००७ मध्ये सुरू झाला. निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पात सामील होण्यास केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला होता. तरीही येथील विद्यार्थ्यांच्या हाती या प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप आले.

या लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि केवळ १ जीबी साठवण होती. त्यावर फेडोरा या लिनक्स वितरणाची आटोपशीर आवृत्ती आणि मुलांसाठी रचलेले ‘शुगर’ हे वातावरण चाले. पडदा उन्हातही वाचता येण्याजोगा असून विजेचा वापर अत्यल्प होता. यंत्राची कुवत आधी ठरवून तिच्या मापाने प्रणाली बेतण्याचे तत्त्व येथे अवलंबिले होते. जुना संगणक वापरात आणतानाही हेच तत्त्व उपयोगी पडते.

मराठीचा वापर

बहुतेक प्रमुख वितरणांत देवनागरी लेखनाची सोय असते. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असून लिनक्सच्या मूळ कळफलक व्यवस्थेतूनच निवडता येतो; वेगळी आज्ञावली लागत नसल्याने त्याचा रॅमवर भार पडत नाही. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुल्या केलेल्या ‘लोहित’ टंकसंचाच्या पुढील विकासात तिच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र आणि मराठी वळणाचे ल व श नीट दिसण्यासाठी अलीकडील आवृत्ती वापरणे हितावह असते.

जुन्या मराठी दस्तऐवजांबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. श्रीलिपी, कृतिदेव इत्यादी युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर ते टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात दिसतो. मूळ प्रणाली चालू असतानाच अशा लेखांची नक्कल घेऊन त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आणि ते मूळ प्रतीशी ताडून पाहणे इष्ट ठरते. अन्यथा संगणक वाचतो, पण त्यातील लेखन हातचे जाते.

प्रतिष्ठापनापूर्वीची तयारी

वितरणाची प्रत पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरून सुरू केल्यास डिस्कला हात न लावता प्रणाली पारखता येते. यास ‘लाइव्ह’ पद्धत म्हणतात. वाय-फाय, ध्वनी, पडदा आणि छपाईयंत्र यांची चाचणी याच टप्प्यावर घेतात. काही वाय-फाय चकत्यांना मुक्त नसलेले फर्मवेअर लागते. २०२३ मधील डेबियन १२ पासून ते अधिकृत प्रतीतच समाविष्ट आहे. प्रतिष्ठापनात संपूर्ण डिस्क निवडल्यास तीवरील सर्व माहिती पुसली जाते. म्हणून छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत आधी अन्यत्र ठेवावी लागते.

बराच काळ बंद असलेल्या संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. त्यामुळे दिनांक काही वर्षे मागे जातो. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत दिनांकावरून तपासली जात असल्याने आंतरजाल जोडलेले असूनही पाने उघडत नाहीत. सीआर२०३२ ही स्वस्त बॅटरी बदलून दिनांक दुरुस्त केल्यास हा दोष दूर होतो.

मर्यादा

आजची संकेतस्थळे हीच जुन्या संगणकाची खरी कसोटी आहे. लेखनाची आज्ञावली काहीशे एमबी रॅममध्ये चालते. परंतु ब्राउझरमध्ये चित्रफितींनी भरलेली दोन-चार पाने उघडली की २ जीबी रॅमही अपुरी पडते. ३२-बिट प्रोसेसरसाठी पर्याय झपाट्याने घटत आहेत : गुगल क्रोमने ३२-बिट लिनक्सचा पाठिंबा २०१६ मध्ये थांबवला आणि २०२५ मधील डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी प्रतिष्ठापक मिळत नाही. केवळ विंडोजसाठी बनवलेल्या काही आज्ञावल्या लिनक्सवर चालत नाहीत.

जेथे आंतरजाल मंद किंवा अनियमित आहे, तेथे मराठी विकिपीडियाची प्रत किविक्स या मुक्त आज्ञावलीद्वारे संगणकात साठवून जोडणीशिवाय वाचता येते. दुरुस्तीपलीकडे गेलेले यंत्र मात्र ई-कचरा ठरते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रामार्फत होणे अपेक्षित आहे. याच नियमांत वापरलेली उपकरणे दुरुस्त करून पुन्हा उपयोगात आणणाऱ्या नूतनीकरण व्यावसायिकांनाही स्वतंत्र स्थान दिलेले आहे.