वसंतातील चारिका : नंदुरबारच्या सातपुड्यात पायी मार्ग कसा निवडावा?

वर्षावास संपला की भगवान बुद्ध आणि भिक्खुसंघ पायी चारिकेला निघत. ती परंपरा मनात ठेवून अनेक तरुण गट तीन-चार दिवसांची पदयात्रा आखतात. नंदुरबार जिल्ह्यात असा मार्ग निवडताना पुढील बाबी तपासाव्यात.

काळ : फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. मार्च सरताना तापीकाठच्या सपाटीवर पारा चाळिशीकडे जातो. पहाटे निघून अकराच्या आत थांबावे. तोरणमाळला फेब्रुवारीत रात्री थंडी असते, पांघरूण न्यावे.

तीन मार्ग

१. शहादा–तोरणमाळ : रस्त्याने सुमारे ५५ किमी. म्हसावदपर्यंत एसटीने जाऊन पुढे चालल्यास सपाटीवरचे ऊन टळते. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. यशवंत तलाव, सीताखाई आणि मुक्कामाची सोय असल्याने नवख्यांसाठी हाच मार्ग बरा. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र गर्दी असते.

२. तळोदा–चांदसैली घाट–धडगाव : चढ अधिक, सावली कमी. चालण्याचा सराव असलेल्यांनीच जावे. अस्तंभा शिखर (१३२५ मीटर) याच डोंगररांगेत आहे. त्याची यात्रा दिवाळीत भरते. उन्हात शिखर चढण्याचा हट्ट नको.

३. अक्कलकुवा–मोलगी–धडगाव : सर्वांत लांबचा. पाडे विखुरलेले, मोबाइलला रेंज कमी. ओळखीचा स्थानिक सोबती असेल तरच निवडावा. ग्रामीण रुग्णालये मोलगी व धडगाव येथे आहेत.

पाणी : या काळात नाले आटतात. नकाशावरच्या निळ्या रेषेवर विसंबू नये. आठवडाभर आधी दोघांनी मार्ग पाहून कोणता हातपंप चालू आहे ते लिहून आणावे. पाड्यावरच्या बायाबापड्यांना पाण्यासाठी लांब जावे लागत असेल, तर तीस जणांचा मुक्काम तिथे ठेवू नये. पंधराच्या वर गट नको.

परवानगी : धडगाव, अक्कलकुवा, तळोदा हे पाचव्या अनुसूचीतील भाग आहेत. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. ते अधिकार आपणच धाब्यावर बसवले, तर आपल्या सभांतील संविधानाच्या घोषणांना काय अर्थ? वनविभागाच्या परवानगीसोबत सरपंच, पोलीसपाटील आणि गावकारभारी यांनाही आधी भेटावे.

वागणूक : होळीच्या सुमारास ऊसतोडीला व गुजरातेत गेलेली कुटुंबे परततात. भोंगऱ्याचे बाजार आणि काठीची राजवाडी होळी याच दिवसांत. भिल्ल-पावरा बांधवांचा हा मोठा सण आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. त्यांच्या देवस्थानांवर निळा वा पंचशील ध्वज लावू नये. मोहाची दारू पुढे आली, तर पाचवे शील पाळणाऱ्याने हात जोडून नाही म्हणावे. यजमानाला उपदेश करू नये. मोहफुले हे त्यांचे उत्पन्न आहे, पायदळी तुडवू नयेत. पानगळीचे दिवस असल्याने जंगलात चूल पेटवू नये.

निवडीची कसोटी सोपी आहे. गटातील सर्वांत हळू चालणारी व्यक्ती ज्या मार्गाने सुखरूप परतेल आणि वाटेवरची गावे पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील, तो मार्ग आपला.