पुढच्या मालकाचे न्हाणीघर

मराठी वाचकाला 'व्हॅनिटी' हा शब्द बहुधा सिनेतारकांच्या व्हॅनिटी व्हॅनमुळे परिचित असतो. अमेरिकेत तो न्हाणीघरात भेटतो. बेसिन, त्याखालचे कपाट आणि वरचा कट्टा मिळून जे फर्निचर होते, ते व्हॅनिटी. मुळात लॅटिनमधील पोकळपणा, मग इंग्रजीतील दिखाऊ अहंता, पुढे आरशाचे शृंगारमेज आणि अखेर हे कपाट, असा या शब्दाचा प्रवास आहे. परंतु शब्दाहूनही उद्बोधक आहे तो हे कपाट निवडताना अमेरिकी गृहस्थाला पडणारा प्रश्न. 'मला काय आवडते?' यापेक्षा 'घर विकायला काढीन तेव्हा घेणाऱ्याला काय आवडेल?' हा विचार त्याच्या मनात अनेकदा वरचढ ठरतो. अजून न आलेल्या या मालकाला न्हाणीघरात कोणी आणून बसवले, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

एकोणिसाव्या शतकात बेसिन म्हणजे निजण्याच्या खोलीतील घडवंचीवर ठेवलेले पसरट भांडे आणि शेजारी पाण्याचा कुंजा. नळ आल्यावर सुखवस्तू घरांत बेसिन लाकडी कपाटात बसले. शतकाच्या अखेरीस आरोग्यवाद्यांनी या कपाटांविरुद्ध मोहीमच उघडली: बंद जागेत ओल साचते, घाण दडते, गटारातील दूषित वायू कोंडतो. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभीचे आदर्श न्हाणीघर पांढरेशुभ्र झाले. उघडे नळ आणि एका खांबावर उभे असलेले चिनी मातीचे बेसिन. १९२७ साली कोहलर कंपनीने रंगीत बेसिने व टब बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर हद्दपार झालेले कपाट परतले, या खेपेस आपण ज्याला सरसकट सनमाइका म्हणतो तशा लॅमिनेटचा कट्टा घेऊन. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या आवडत्या गुलाबी रंगाने १९५०च्या दशकातील न्हाणीघरे रंगली. पुढे अव्होकाडोचा हिरवा रंग आला. आज घर विकताना दलाल हेच रंग आधी बदलायला सांगतात.

ही झाली फॅशनची गोष्ट. पुढच्या मालकाची गोष्ट निराळी आहे आणि तिला एक निश्चित वर्ष आहे: १९३४. त्यापूर्वी घरासाठीचे कर्ज बहुधा थोड्या वर्षांचे असे आणि घराच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास मिळे. महामंदीत ही व्यवस्था कोसळली. १९३४च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याने फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था स्थापन केली. ती स्वतः कर्ज देत नसे. बँकांनी दिलेल्या दीर्घ मुदतीच्या कर्जांना विमा देई. त्याच कायद्याने घरदुरुस्तीच्या कर्जांनाही विमासंरक्षण दिले, त्यांत न्हाणीघराचे नूतनीकरण आलेच. ही सोय क्षुल्लक नव्हती. १९४०च्या गृहगणनेत सुमारे ४५ टक्के घरांत गरम-गार पाण्याचे नळ, टब किंवा शॉवर आणि फ्लशचा संडास ही पूर्ण व्यवस्था नव्हती.

मात्र कर्ज वीस वर्षे चालायचे तर घराने वीस वर्षे किंमत टिकवायला हवी. कर्ज बुडाले तर ते घर दुसऱ्या कोणी विकत घेईल का, हे ठरवण्यासाठी संस्थेने मूल्यांकनाची नियमपुस्तिका काढली. पुढचा मालक प्रथम कागदावर अवतरला तो येथे. घराने चारचौघांसारखे असावे, ही त्याची अट. त्याची दुसरी अट अधिक भयंकर होती. १९३०च्या दशकातील त्या पुस्तिकेने वस्तीत भिन्न वंशाचे लोक येणे हा किमतीला धोका मानला आणि त्यांना दूर ठेवणाऱ्या करारांची शिफारस केली. म्हणजे 'सर्वांना आवडेल असे' यातील 'सर्व' हे गोरे होते. भारतीय गोरे नव्हेत, असा निवाडा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात दिलाच होता. तेव्हा फक्त गोऱ्यांना घर विकण्याचे बंधन घालणाऱ्या करारांत आपल्या माणसांनाही जागा नव्हती.

१९४८ साली न्यायालयांना असे करार अमलात आणण्यास मनाई झाली. १९६८च्या कायद्याने घरविक्रीतील वांशिक भेदभाव बेकायदा ठरला. १९६५च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनियरांनी उपनगरांत घरे घेतली ती या बदललेल्या चौकटीत. तरीही त्या कलमांची मृत अक्षरे अनेक जुन्या घरांच्या दस्तांत अजून वाचायला मिळतात.

'पुनर्विक्रीमूल्य' हा शब्द म्हणूनच आम्हांला निरागस वाटत नाही. त्याच्या पोटी समोरच्याविषयी भीतीही असू शकते. शिवाय त्याचा हिशेबही अनेकदा जुळत नाही. 'रिमॉडेलिंग' या व्यवसायपत्रिकेच्या खर्च-मूल्य अहवालांत न्हाणीघराच्या नूतनीकरणाचा परतावा बहुतेक वर्षी केलेल्या खर्चाहून कमीच दिसतो.

मग निवडावे काय? इतिहासाचा कौल आम्हांला असा दिसतो: रंग आणि घाट कालबाह्य होतात, नळ आणि निचरा टिकतात. पाणी आणणारे आणि नेणारे पाइप आहेत तेथेच ठेवावेत. कपाट २४, ३०, ३६ किंवा ४८ इंच अशा प्रचलित रुंदीचे घ्यावे, म्हणजे पुढच्याला भिंत न फोडता ते बदलता येईल. पाण्याने फुगणाऱ्या भुसापाटीऐवजी चांगले प्लायवूड घ्यावे. एवढे केले की पुढच्या मालकाचे देणे फिटले. उंची मात्र घरातल्या म्हाताऱ्याच्या कमरेला आणि मुलाच्या हाताला सोसेल ती असावी, रंग आपल्या डोळ्यांना रुचेल तो. उद्या येणारा कोण असेल, कुठल्या वंशाचा, कुठल्या आवडीचा, हे आज ठरवण्याचा अधिकार १९३४ साली कोणाला नव्हता. तो आजही कोणाला नाही. आपल्याकडे नीट वाहणारा निचरा त्याच्या हवाली करावा, हे पुरे.