पोटात ‘फिरणारी’ प्लीहा म्हणजे काय? ती ओळखतात कशी आणि ऑपरेशन कधी करावं लागतं?

पोटात अधूनमधून कळ येते. कधी ओटीपोटात गाठ हाताला लागते, कूस बदलली की तीच गाठ सरकते. डॉक्टरांकडे जाईपर्यंत दुखणं थांबलेलं असतं. मग ॲसिडिटी, गॅस, अंडाशयातली गाठ, अपेंडिक्स अशा शंका घेतल्या जातात. फार थोड्या रुग्णांमध्ये कारण वेगळंच निघतं. त्यांची प्लीहा जागेवरून सुटलेली असते.

याला वैद्यकीय भाषेत ‘वाँडरिंग स्प्लीन’, म्हणजे भटकी प्लीहा म्हणतात. हा आजार दुर्मीळ आहे, पण उशिरा लक्षात आला तर अख्खा अवयव गमवावा लागू शकतो.

प्लीहा करते काय?

गावाकडची जुनी माणसं जिला ‘पानथरी’ म्हणतात, तीच ही प्लीहा. मलेरियात वाढते म्हणून तिचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. पोटाच्या डाव्या बाजूला, वरच्या भागात, बरगड्यांच्या आड ती असते. आकार साधारण मुठीएवढा, वजन सुमारे १५० ग्रॅम. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढणं, प्लेटलेट्सचा साठा ठेवणं आणि रक्तातल्या जंतूंशी लढणं ही तिची कामं.

ती जागा का सोडते?

प्लीहेला जठर, मूत्रपिंड आणि श्वासपटल यांच्याशी बांधून ठेवणारे पातळ पडद्यासारखे बंध असतात. काही जणांमध्ये हे बंध जन्मापासूनच नसतात किंवा अपुरे असतात. काहींमध्ये ते नंतर सैल होतात. गरोदरपण, प्लीहेची वाढ, मार लागणं ही त्याची कारणं असू शकतात. हा त्रास प्रामुख्याने लहान मुलांमध्ये आणि २० ते ४० वयाच्या स्त्रियांमध्ये दिसतो.

बंध नसले की प्लीहा फक्त रक्तवाहिन्यांच्या लांब देठावर लोंबकळते आणि खाली ओटीपोटापर्यंतही उतरू शकते.

मग धोका कशाचा?

धोका आहे तो पिळाचा. देठाला पीळ पडला की आधी पातळ भिंतीच्या शिरा दाबल्या जातात. रक्त आत येत राहतं, पण बाहेर पडत नाही. प्लीहा सुजते, जड होते. पीळ आणखी घट्ट झाला की धमनीही बंद पडते आणि प्लीहा मरू लागते. याच देठाजवळ स्वादुपिंडाचं शेपटाकडचं टोक असल्याने कधी त्यालाही सूज येते.

पीळ सैल असेल तर तो आपोआप सुटतो आणि दुखणं थांबतं. ‘येतं-जातं’ दुखण्याचं कोडं इथे आहे. पण पूर्ण पीळ बसला तर अचानक तीव्र वेदना, उलट्या, ताप अशी लक्षणं दिसतात. ही इमर्जन्सी असते.

निदान कसं होतं?

हाताने तपासून शंका येते, खात्री होत नाही. रक्ताच्या तपासण्याही कधीकधी नॉर्मल येतात. त्यामुळे मदार असते ती स्कॅनवर.

• सोनोग्राफी आणि डॉप्लर: प्लीहा नेहमीच्या जागी आहे का आणि तिच्यात रक्त वाहतंय का, हे कळतं. रेडिएशन नसल्याने मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी ही पहिली तपासणी.

• कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन: डाव्या बरगड्यांखालची जागा रिकामी, प्लीहा भलतीकडे आणि देठ भोवऱ्यासारखा गुंडाळलेला दिसला की निदान जवळपास पक्कं होतं. शिरेतून दिलेलं औषध प्लीहेत पोहोचलं नाही, तर रक्तपुरवठा तुटल्याचं समजतं.

ऑपरेशन: वाचवायची की काढायची?

त्रास नसेल तरी पीळ पडण्याची टांगती तलवार असते. म्हणून शक्यतो ऑपरेशनचाच सल्ला दिला जातो. बहुतेकदा ते दुर्बिणीतून होतं.

सर्जन आधी पीळ सोडवतात आणि थोडं थांबतात. काळवंडलेल्या प्लीहेचा रंग परत येतोय का, रक्त खेळू लागलंय का, हे पाहतात. पुढचा निर्णय यावर ठरतो.

प्लीहा जिवंत असेल तर तिला मूळ जागी नेऊन बसवतात. याला ‘स्प्लिनोपेक्सी’ म्हणतात. त्यासाठी जाळीची पिशवी वापरतात किंवा पोटाच्या आतल्या आवरणामागे कप्पा करून प्लीहा त्यात ठेवतात. ही पद्धत नवी नाही. पोलिश सर्जन लुडविक रिडिगिअर यांनी १८९५ मध्ये असं ऑपरेशन केलं होतं.

प्लीहा मेली असेल तर मात्र ती काढावीच लागते. हे ऑपरेशन म्हणजे ‘स्प्लिनेक्टॉमी’. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये प्लीहा पिशवीत घालून, तुकडे करून छोट्या छेदातून बाहेर काढतात.

प्लीहेशिवाय जगता येतं का?

येतं. तिची बरीच कामं यकृत आणि इतर अवयव सांभाळतात. पण काही जंतूंविरुद्धची ढाल कमी होते, विशेषतः न्यूमोकोकस. अशा रुग्णांमध्ये साधा वाटणारा ताप काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. लहान मुलांना हा धोका जास्त, म्हणून त्यांच्यात प्लीहा वाचवण्यावर अधिक भर असतो.

प्लीहा काढलेल्यांनी या गोष्टी पाळायच्या:

• न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब यांच्या लसी. ऑपरेशन ठरवून असेल तर किमान दोन आठवडे आधी, तातडीचं असेल तर साधारण दोन आठवड्यांनंतर. फ्लूची लस दरवर्षी.

• मुलांना डॉक्टर काही वर्षं रोज अँटिबायोटिक देऊ शकतात. ते मनाने बंद करू नये.

• मलेरियाच्या भागात डासांपासून जास्त जपावं. कुत्रा चावला तर जखम छोटी असली तरी लगेच डॉक्टरांकडे जावं.

• ‘माझी प्लीहा काढलेली आहे’ असं लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवावं आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना हे आधी सांगावं.

आणि ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठावं.