जोडप्याच्या तसबिरीची कुळकथा

मावळातल्या जुन्या घरांच्या सोप्यात, देवादिकांच्या तसबिरींच्या रांगेतच, एखादी अशी तसबीर हटकून दिसते की जीत घरचा कर्ता पुरुष खुर्चीवर ताठ बसलेला असतो, त्याची पत्नी खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी असते, मागे खांब, कठडे आणि कमानी रंगवलेला पडदा असतो, आणि दोघांच्याही मुद्रेवर हास्याचा लवलेश नसतो. ही ठेवण आपण कुलाचारासारखी परंपरागत मानत आलो. परंतु तिचा उगम काचेवर पसरलेल्या रसायनाच्या मंद गतीत आहे, आणि तो ज्याला नीट उमगला त्यालाच आज लोणावळ्याच्या कड्यावर किंवा तळेगावच्या मांडवात वधूवरांचे खरे चित्र घेता येईल, असे माझे ठाम मत आहे.

लुई दागेरची पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली; पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तिच्या कार्यात भाग घेतला. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात या विद्येचा वर्ग निघाला, आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यक्तिचित्रांचा व्यवसाय थाटला. घाटावर मात्र कॅमेरा चढला तो लोहमार्गाच्या निमित्ताने. बोरघाटाच्या चढणीचा मक्ता घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली या देशात येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने तो मक्ता स्वतःच्या शिरावर घेतला. १८६३ साली घाट गाड्यांना खुला झाला, आणि त्या बांधकामाच्या छायाचित्रांचा तिच्या नावाचा संग्रह मागे राहिला. आमच्या मुलखातल्या छायाचित्रणाच्या आरंभीच एका कर्तबगार स्त्रीचे नाव यावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्या काळी काच कोलोडियनने ओली करून, ती वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावी लागे. अंधाराची राहुटी सोबत बाळगावी लागे. आणि समोरच्या माणसाला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. खुर्ची आली ती यासाठी. खुर्चीच्या पाठीवरचा हात पत्नीच्या देहाला आधार देई, मानेमागे लोखंडी चिमटा लपविलेला असे, आणि हसू तेवढा वेळ टिकत नसल्यामुळे गांभीर्य हीच सोयीची मुद्रा ठरली. शिवाय आपल्याकडे गोरज मुहूर्ताला विशेष मान. म्हणजे ज्या वेळी अंतरपाट दूर होई, नेमक्या त्याच वेळी सूर्यप्रकाश मावळलेला असे. साहजिकच लग्न मांडवात लागे आणि लग्नाचे चित्र मागाहून, सवडीने, छायाचित्रकाराच्या काचेच्या छपराखाली उत्तरेकडच्या उजेडात निघे.

या ठेवणीशी मावळाचा आणखी एक निकटचा संबंध आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि १८९९ साली लोणावळ्याजवळच्या मळवलीस आला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत चित्रांनी खांब, पायऱ्या व सरोवरे यांची जी पार्श्वभूमी घरोघर पोहोचविली, तिचेच भाऊबंद मला छायाचित्रकाराच्या रंगीत पडद्यावर दिसतात. याच छापखान्याची कामे करण्यासाठी धुंडिराज गोविंद फाळके यांनी सरकारी पुरातत्त्व खात्याची नोकरी सोडून लोणावळ्यास ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना काढला, आणि १९०८ साली तो दादरला नेला. त्यांनी पूर्वी गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा केला होता. कॅमेऱ्यासमोर बसल्याने आयुष्य घटते या लोकसमजुतीशी त्यांना झगडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भीती दूर करून माणसाला समोर बसविणे ही या विद्येतली सर्वांत अवघड बाब असते, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करणाऱ्या या पुरुषाने ती चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी अनुभवली होती.

पुढे कोरड्या काचा आल्या, फिल्मची गुंडाळी आली, आणि १९३० च्या सुमारास झगझगीत दिवा आल्यावर गोरज मुहूर्तही कॅमेऱ्याच्या अमलाखाली आला. रसायनाची मंदता गेली, तरी खुर्ची आणि ताठ मान पुष्कळ वर्षे राहिली.

तेव्हा जुन्या ठेवणीतून घ्यावे काय आणि टाकावे काय? उजेड घ्यावा, ताठरपणा टाकावा. एका बाजूच्या खिडकीतून येणारा मृदू उजेड चेहऱ्याला जो गोलावा देतो, तो समोरून मारलेला दिवा कधीही देत नाही. म्हणून नवरीचा साजशृंगार चालू असतानाच तिला खिडकीशी तिरपे बसवावे, खोलीतले पिवळे दिवे मालवावेत, भिंतीपासून चार-सहा फूट पुढे घ्यावे, आणि कॅमेऱ्याकडचा डोळा सुस्पष्ट आला आहे ना, हे पाहावे. चेहऱ्यासाठी ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग उत्तम. रुंद कोनाचे भिंग जवळून लावल्यास नाक फुगते. मंगलाष्टके चालू असता भटजींच्या पुढ्यात न शिरता अंतरपाटाच्या टोकाशी, दोघांचेही चेहरे दिसतील असे उभे राहावे. मुंडावळ्यांआडची ती पहिली नजर पुन्हा करवून घेता येत नाही, आणि तशी करवून घेऊही नये. चातुर्मासात लग्ने नसली तरी लग्नापूर्वीची चित्रे घेण्यास लोणावळ्याचा ढगाळ श्रावण मला सर्वांत अनुकूल वाटतो, कारण सारे आकाशच मोठी उत्तरेची खिडकी होते. मात्र धुक्याच्या पांढरेपणाने कॅमेऱ्याचे मोजमाप फसून चेहरे काळवंडतात, म्हणून प्रकाश मुद्दाम थोडा अधिक घ्यावा.

कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख असल्याने तेथे दुपारनंतरचा उजेड चांगला. त्याच्या ओसरीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली स्त्रीपुरुषांची युगुले उभी आहेत. त्यांच्या अंगांतली सैल, प्रसन्न लय प्रत्येक छायाचित्रकाराने आधी डोळे भरून पाहावी आणि मग कॅमेरा उघडावा. कार्ले, भाजे व लोहगड ही संरक्षित स्मारके आहेत. धंद्यासाठी चित्रे घ्यावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी, आणि चांगल्या चौकटीच्या मोहाने कोणीही ढासळत्या तटावर वा शिल्पाच्या अंगावर चढू नये.

आपल्याच जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा होत्या. त्या आज जवळजवळ नष्ट झाल्या आहेत, तरीही सातकर्णी आणि त्याची राणी नागनिका तेथे उभी होती हे आपण निश्चयाने सांगू शकतो, कारण त्यांची नावे वर कोरलेली आहेत. घरच्या तसबिरींनाही अशाच नावांचा आधार हवा, कारण मावळच्या पावसाची ओल कागदाला सोडत नाही. म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच, की घरातल्या जुन्या तसबिरी ओलसर भिंतीवरून उतरवाव्यात, आणि जी वडीलधारी माणसे अजून ते चेहरे ओळखतात त्यांना विचारून प्रत्येकीच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहून ठेवावे.